ताटलीतली चौथी वस्तू

घड्याळजीकाकांना म्हाताऱ्यांच्या त्या बंद दाराच्या निवासगृहात जाऊ द्यायचं नाही, असं सिस्टरने मनाशी पक्कं केलं होतं. आणि तिने एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी तिला हलवणं कठीण, हे नगरपालिकेच्या आरोग्य विभागात शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांचं आणि मनाने आजारी असलेल्यांचं औषधपाणी घरी जाऊन बघणं, हे तिचं काम. जिने चढून चढून गुडघे बोलायला लागले होते, पण पायांची भिंगरी काही थांबत नव्हती. काकांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली. एकटे राहत आणि अजूनही डोळ्याला भिंग लावून खिडकीशी बसत. मध्यंतरी त्यांचा गॅस चालू राहिला, आणि मुलाने निवासगृहासाठी अर्ज केला. मुलगा वाईट नव्हता हो, घाबरला होता बिचारा. आता डॉक्टर काकांची परीक्षा घेणार होते आणि त्या परीक्षेवरच सगळं ठरणार होतं.

परीक्षा अगदी साधी. ताटलीत किल्ली, कंगवा आणि चमचा मांडायचा, माणसाला नीट बघू द्यायचं, वर नॅपकिन टाकायचा, आणि जरा इकडचं तिकडचं बोलून विचारायचं, काय काय होतं? सिस्टरने काकांच्या घरी सराव घेतला तेव्हा त्यांनी तिन्ही वस्तू बिनचूक सांगितल्या आणि सहज पुढे म्हणाले, "आणि ते निळं बटण."

"बटण कुठून काढलंत काका?"

"मी कशाला काढू? तुम्हीच ठेवलंय. दोऱ्याचं टोक लोंबतंय बघा त्याला."

तिने नॅपकिन उचलला. तीनच वस्तू होत्या. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून तिने ताटली पिशवीत टाकली.

पण पुढच्या गल्लीतल्या निवृत्त शिक्षिकाबाई किल्ली विसरल्या, कंगवा विसरल्या, निळं बटण मात्र त्यांनी ठणकावून सांगितलं, आणि सिस्टरने कुठलं बटण म्हणून विचारलं तेव्हा वर्गातल्या ढ मुलीकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं. ज्याला भिंतीतून आवाज ऐकू येत, तो दूरच्या एका चाळीत तळमजल्यावर राहणारा कारकून तर म्हणाला, "दोरा तेवढा कापून टाका सिस्टर, बरं दिसत नाही." ही माणसं एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हती. सिस्टरने पिशवी उलटी करून झटकली, ताटली घासून लख्ख केली, स्वतःच्या कोटाची बटणं तपासली; सगळी पांढरी, सगळी जागच्या जागी. भीती कुरवाळत बसायचा तिचा स्वभाव नव्हता. काकांनी चौथी वस्तू सांगितली की त्यांची रवानगी झालीच म्हणायची, एवढंच तिला दिसत होतं.

"डॉक्टर विचारतील तेव्हा तीनच सांगायच्या," तिने काकांना त्यांच्या खोलीत जाऊन बजावलं. "बटणाचं नावही काढायचं नाही."

"अहो, पण दिसतंय त्याचं काय करू?"

"दिसू दे. बोलायचं नाही."

काका हसले. "मागे पडणाऱ्या घड्याळाला मी कधी बरोबर आहे म्हटलं नाही, सिस्टर."

"या खोलीसाठी म्हणा," ती म्हणाली. "माझ्यासाठी म्हणा."

काकांनी मान डोलावली.

परीक्षेला काका इस्त्रीचा शर्ट घालून दवाखान्याच्या बाकावर बसले होते. मुलगा खिडकीशी उभा होता. ताटली सिस्टरने स्वतः मांडली, एकेक वस्तू बोटांनी चाचपून, आणि दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. काकांनी ती डोळे भरून पाहिली. डॉक्टरांनी वर नॅपकिन टाकला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि विचारलं, "सांगा काका, काय काय होतं?"

"किल्ली, कंगवा, चमचा." काकांनी सिस्टरकडे पाहिलं. "बस्स."

सिस्टरचा जीव भांड्यात पडला. डॉक्टर मात्र वाट बघत राहिले.

"आठवून बघा. एक राहिली."

"तीनच होत्या," काका ठामपणे म्हणाले.

मुलाचे डोळे भरून आले. "बाबा, अहो, निळं बटण. इतकं मधोमध होतं."

"काहीतरीच काय!" सिस्टरने नॅपकिन खसकन ओढला. "हातच्या काकणाला आरसा कशाला? बघा ना!"

ताटलीत किल्ली होती, कंगवा होता, चमचा होता, आणि मधोमध नुसता चकचकीत तळ. डॉक्टरांनी वाकून त्या रिकाम्या जागेवरून दोन बोटांनी काहीतरी अलगद उचललं आणि मुलाच्या तळहातावर ठेवलं. मुलाने मूठ मिटली. मग डॉक्टर तिच्याकडे वळले, आणि रोज घरोघरी ती स्वतः ज्या आवाजात बोलत असे, नेमक्या त्याच मऊ आवाजात म्हणाले, "सिस्टर, जरा बसता का? घाई नाही."

"काका, सांगून टाका!" ती ओरडली. "दिसत होतं ते सांगा! नाहीतर नेतील हो तुम्हाला!"

"तुम्हाला नाही ना दिसत?" काका म्हणाले. "मग तीनच." आणि ते बाकावर थोडे सरकले, तिच्यापुरती जागा करून.