सुनेचं कुंड

घरातलं माणूस गेलं की भेटायला येणाऱ्यांना काहीतरी बोलावंच लागतं. या घरात मात्र जो येई तो एकच वाक्य बोलून जाई, "भाग्यवान तुमची आई! देवीनं बोलावून घेतलं."

आई गेली ती देवळामागच्या कुंडावर. देवीच्या समया घासायला मागच्या पायऱ्या उतरत होती, पाय सटकला. एवढंच. पण देऊळ शेकडो वर्षांचं आणि त्या कुंडाची कथाही तेवढीच जुनी. देऊळ बांधणाऱ्या गवंड्याची सून पहिल्या पूजेचं पाणी आणायला कुंडात उतरली, ती परत आलीच नाही. देवीनं तिला सखी करून ठेवून घेतलं. म्हणून ते सुनेचं कुंड. पुढे एक माळीण गेली, मग एका पुजाऱ्याची बायको. देवीच्या सख्या वाढत गेल्या. आता त्यांत आईची भर पडली होती.

लेकीला सुरुवातीला ते वाक्य बरं वाटलं. डोळ्यांसमोर पायरी आली की ती त्या वाक्याची चादर अंगावर ओढून घ्यायची. पण चादर आखूड होती. तोंड झाकलं की पाय उघडे पडत. दवाखान्यातून परत आलेलं आईचं पातळ तिनं धुतलं नव्हतं. त्याच्या काठाला हिरवा डाग होता. घरात तिला चैन पडेना. न्हाणीघरात पाण्याचा थेंब दिसला की फडकं घेऊन धावायची.

"अगं, कोरडी आहे ती," नवरा म्हणायचा. "आता फरशीच झिजायची!"

जुन्या वास्तू पाहायला येणारे लोक कानाला यंत्र लावून जी माहिती ऐकतात, ती वाचून ध्वनिमुद्रित करणं हा तिचा व्यवसाय. देवळाचं काम तिनं आई असतानाच घेतलं होतं. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी देवस्थानचे अध्यक्ष स्वतः स्टुडिओत आले.

"ताई, शेवटी आईंचाही उल्लेख घातलाय. मजकूर माझाच. तुमच्या आवाजात असा यायला हवा, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहील!"

गवंड्याच्या सुनेची कथा तिनं सहज वाचली. मग आलं शेवटचं वाक्य, 'आणि अलीकडेच देवीने आपल्या एका सेविकेला...' ती थांबली. खोकली. पाणी प्यायली. पुन्हा तिथंच अडली. हेडफोन काढला, घातला, परत काढला.

"ताई, पाय हलवू नका," काचेपलीकडून ध्वनिमुद्रकानं सांगितलं. "खुर्ची वाजतेय."

"मी कुठं हलवतेय?"

"मग भूकंप असेल."

बाहेरच्या सोफ्यावर मावशी बसली होती. आईची थोरली बहीण. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेली, आणि आता भाचीला एकटं सोडत नसलेली. ती उठून आत आली.

"काय गं, घशात अडकलं?"

"चांगलंच लिहिलंय, मावशी. आईची आठवण राहील."

"राहील की. पण मला एक सांग, देवीला सोबतीला बायकाच कशा लागतात? इतकी शतकं लोटली, एखादा अध्यक्ष कसा बोलावला नाही तिनं?"

"अहो, काय अभद्र बोलता!" अध्यक्ष दचकले.

"माझ्या बहिणीला बोलावलं तर भाग्य, आणि तुम्हाला बोलावलं तर अभद्र होय?"

मावशी आता थांबणार नव्हती. "पुरुष पुढच्या दारानं जातात. तिथं कठडा आहे, उजेड आहे. मागच्या पायऱ्यांनी भांडी घेऊन कोण उतरतं? सुना, माळणी, माझी बहीण. गाभाऱ्यातलं सांडपाणी त्याच पायऱ्यांवरून वाहतं, शेवाळ धरतं. कुणीतरी घसरतं, आपण कथा रचतो, आणि पायरी तशीच ठेवतो. कथा इतकी गोड, की पायरी खरवडायचं कुणाला सुचतच नाही! आणि देवीला आई म्हणता ना? मग ही आई लेकींना पाय घसरवून नेते, असं म्हणवतं तरी कसं तुम्हाला?"

लेकीला पातळाच्या काठावरचा तो हिरवा डाग आठवला. शेवाळ! तिनं तो डाग रोज पाहिला होता, आणि रोज कपाट बंद केलं होतं.

तिनं हेडफोन पुन्हा कानावर चढवला.

"हे सगळं यंत्रात बोललात तर देवीची बदनामी होईल, ताई," अध्यक्ष पुटपुटले.

"देवीची नाही, आपली," ती म्हणाली. मग एकदम अध्यक्षांच्या बायकोबद्दल विचारलं, "वहिनी कुठं आहेत आत्ता?"

"कुठं असणार? देवळात. आई गेल्यापासून समया तीच..."

वाक्य तोंडातच राहिलं. अध्यक्षांनी खिशातून फोन काढला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. कुणी उचलेना. स्टुडिओत कुणी हललं नाही, आणि आता खुर्चीही वाजत नव्हती.

"हात ओले असतील," ध्वनिमुद्रक हळूच म्हणाला.

तेवढ्यात फोन उचलला गेला. "वर ये!" अध्यक्ष ओरडलेच. "समया राहू देत तिथंच! काही झालेलं नाही गं, तू आधी वर ये! भिंत धरून ये!"

ती वर पोचेपर्यंत त्यांनी फोन कानावरून काढला नाही. मग रुमालानं तोंड पुसत म्हणाले, "ताई, माझं ते वाक्य काढून टाका."

पुढे सांडपाण्याला बाजूनं चर काढला, पायऱ्या खरवडल्या, कठडा बसला. समया आता पुढच्या नळावर घासल्या जातात आणि पुरुषांनाही आळीपाळीनं घासाव्या लागतात. अध्यक्षांच्या समईवर काजळी राहते, आणि वहिनी ती सगळ्यांदेखत दाखवतात.

वाचकहो, देवीवर श्रद्धा जरूर असावी. पण जी दुरुस्ती आपण केली नाही, तिचं खापर देवीच्या माथी फोडू नये. ज्या बाईचा जीव आपल्या हलगर्जीपणानं गेला, तिला भाग्यवान म्हणून आपण मोकळे होतो, आणि पुढच्या बाईला त्याच पायरीवर पाठवतो. आपल्या गावातही अशी एखादी पायरी असेल. तिची कथा जरूर सांगा, पण आधी ती पायरी नीट करा.

कठडा बसला त्या दिवशी लेकीनं शेवटचा मजकूर स्वतः रचला आणि एका दमात वाचला. देवळामागं उभं राहिलं की तो आजही ऐकू येतो.

"गवंड्याच्या सुनेची कथा तुम्ही ऐकलीत. आता कठडा धरा आणि जपून उतरा. माझी आई इथं घसरून गेली."