सोनाजीच्या पायातलं दावं

शिरड शहापूरच्या सोनाजीला हिंगोलीत सगळे 'हाफबॅक' म्हणायचे आणि त्याच्या बायकोला, द्वारकाबाईला, आडावरच्या बायका 'हाफबॅकीण' म्हणायच्या. सोनाजीला ते आवडायचं. द्वारकाबाईला अजिबात आवडायचं नाही.

आता फुटबॉलमध्ये हाफबॅक म्हणजे काय, तर धड इकडचा नाही की तिकडचा नाही. गोल झाला की पुढच्यांना खांद्यावर घेतात, गोल बसला की मागच्यांना शिव्या बसतात, आणि जो दोघांच्या मधे कुत्र्यासारखा धावतो त्याला कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. सोनाजी असा पंधरा वर्षं धावला. एकोणीसशे तीस साली विशीत घर सोडलं, तेव्हापासून नांदेडची गिरणी, पूर्ण्याची रेल्वे, जालना, औरंगाबाद, सिकंदराबादेत दोन ठिकाणी, वरंगळ, मधेच अकोला, अशा अकरा टीमा त्याने पाहिल्या. काहींत दोनदा गेला, पण कुठेच सलग दोन हंगाम राहिला नाही. मॅच हरली की दुसऱ्या दिवशी स्वारी गाडीत. पुढच्या गावी म्हणे चांगलं मैदान होतं, चांगली माणसं होती. गेल्यावर तिथलं मैदानही खडकाळच निघायचं.

लोखंडी पेटी एक, भांडी चार, आणि त्यामागून द्वारकाबाई. पंधरा वर्षांत मातीच्या चुलीवर म्हणून तिने रांधलं नाही. तीन दगड मांडायचे, भाकरी भाजायची, आणि निघताना दगड लाथेने सारून द्यायचे. एकदा जालन्याला तिने हौसेने चूल घातली होती. ती वाळायच्या आत सोनाजीने पेटीला कुलूप लावलं. त्या दिवसापासून तिने चुलीचा विषय काढला नाही, पण 'पुढच्या साली' हे शब्द नवऱ्याच्या तोंडून कधी ऐकले नाहीत हे मात्र ती विसरली नव्हती.

पंचेचाळीस साली सोनाजीचा गुडघा गेला. तेव्हा हिंगोलीच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मालकाला टीमची हौस आली होती. मुनीम विष्णुपंत स्वतः बोलवायला आले. कारखान्यामागे दोन खोल्या, आणि काम म्हणाल तर पोरांना शिकवायचं. सोनाजी मॅनेजर झाला. सरकी उपसणारे, कापसाच्या गासड्या बांधणारे गडी संध्याकाळी जुन्या छावणीच्या मैदानावर जमायचे आणि त्याला उस्ताद म्हणायचे. त्यात सेवा नावाचा तांड्यावरचा गडी होता. डाव्या लाईनीने असा सुटायचा की सोनाजीच्या अंगावर काटा यायचा.

सगळं बरं होतं, फक्त उस्तादाला उभं राहता येत नव्हतं. मॅनेजरने लाईनीबाहेर उभं राहून बघायचं असतं. हा बाहेरून बॉलबरोबर धावायचा. बॉल उजवीकडे गेला की हा उजवीकडे, डावीकडे गेला की डावीकडे. गुडघा ओरडायचा, पण पाय ऐकतील तर ना!

जानेवारीत शील्डची फायनल पूर्ण्याच्या रेल्वेवाल्यांशी लागली. एक-एक झालं होतं, पाच मिनिटं उरली होती. बॉल डाव्या लाईनीकडे घरंगळत आला. सेवा त्याच्यामागे सुटला होता, पुढे मोकळं रान, पोचणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. आणि लाईनीबाहेर उभ्या सोनाजीचा पाय पुढे आला. त्याने बॉल अडवून आत मारला, अगदी बरोब्बर, जसा पंधरा वर्षं मारला तसा.

बाहेरच्याचा पाय लागला म्हणून रेफरीने शिट्टी फुंकली.  रेफरीने बॉल मधे टाकला, तो रेल्वेवाल्यांनी पळवला, आणि आपली पोरं अजून उस्तादाच्या तोंडाकडे बघत होती तोवर गोल बसला. शील्ड पूर्ण्याला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाजी म्हणाला, "द्वारके, भर पेटी. वरंगळवाल्याचं पत्र आलंच हाय."

 द्वारकाबाईने भांडी पेटीत टाकली, दगड पायाने सारले. तेवढ्यात दारात सेवा येऊन उभा राहिला. हरलेल्या मॅचनंतर कुणी खेळाडू सोनाजीच्या दारात येण्याची ही पहिलीच वेळ, कारण आजवर खेळाडू उठायच्या आत सोनाजी गाव सोडून गेलेला असायचा.

"उस्ताद, तो बॉल माजा होता," सेवा म्हणाला.

"व्हय."

"मी पोचलो असतो."

"पोचला असता."

"मंग काहून मारला?"

 "पाय पुढं गेला रे," सोनाजी म्हणाला.

सेवाने पेटीकडे पाहिलं. "आन् आता तुमी जाऊन राहिले. बराबर हाय. हारल्यावर गावात तोंड दाखवायला आमीच ऱ्हातो. तुमी गाडीत."

रागाने बोलला असता तर सोनाजीने परतून शिवी दिली असती. सेवा रागाने बोलला नाही. तो वळला आणि कारखान्यात कामाला गेला. सोनाजी उंबऱ्यावर बसला. आपण अकरा टीमांत असे किती सेवा मागे ठेवले, हे त्याला मोजवेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःची चांगलीच लाज वाटली.

मग तो आत वळून म्हणाला, "उघड पेटी."

"अशी न्हाई उघडायची," द्वारकाबाई म्हणाली. "आधी चूल घालीन, मंग उघडीन. जालन्यावानी चूल वली सोडून पळनार असान तर आत्ताच निघा."

"घाल की मंग."

"मी एकली काहून घालू? तुमचे पाय वळवळून राहिले ना? चिखल तुडवा."

तिने नाल्यावरून माती आणली, त्यात शेण आणि भुसा घातला, पाणी ओतलं. अकरा टीमांचा हाफबॅक धोतर खोचून भर दुपारी अंगणात चिखल तुडवू लागला. जिनिंगमधल्या बायका कामं टाकून बघायला आल्या. त्यांतली आशाबाई म्हणाली, "हाफबॅकीणबाई, आता गोल कुठं मारायचा?" द्वारकाबाई म्हणाली, "हितंच." त्या दिवशी तिला त्या नावाचा राग आला नाही.

चूल झाली म्हणून माणूस सुधारला असं मात्र समजू नका. जित्याची खोड ती. ते वर्षभर सोनाजी आठवड्यातून दोनदा स्टेशनावर जायचा, पूर्ण्याची गाडी सुटेपर्यंत बघायचा आणि परत यायचा. घरी आला की द्वारकाबाई विचारायची, "गेली का गाडी?" तो म्हणायचा, "गेली." मैदानावर तर तो अजूनही बॉलबरोबरच धावत होता. पोरं हसायची, पण सेवा हसत नव्हता. बॉल डाव्या लाईनीला आला की तो आधी उस्तादाच्या पायाकडे बघायचा, आणि तेवढ्यात बॉल हातचा जायचा. उस्तादाच्या धाकाने त्याचा खेळ पार बिघडला. हे सोनाजीला दिसत होतं आणि आतल्या आत जाळत होतं.

सत्तेचाळीसच्या जानेवारीत पुन्हा फायनल, पुन्हा पूर्णा. मॅचच्या आधी सोनाजी द्वारकाबाईला सांगून बैलगाड्यांच्या अड्ड्यावर गेला आणि एक दावं न् खुंटा मागून आणला. लाईनीपासून चार हात लांब खुंटा ठोकला, दाव्याचं एक टोक त्याला अडकवलं आणि दुसरं सेवाच्या हातात दिलं.

"बांद."

"कशाला?"

"माज्या पायाला."

सेवा मागे सरला. "उस्तादाच्या पायाला दावं कसं बांदू? पाप लागंल."

"न्हाई बांदलं तर मला लागंल. दुसरं कुनी बांदलं तर मी सोडून घेईन. तू बांद."

विष्णुपंत धावत आले. तहसीलदारसाहेब येऊन बसले होते, चार गावची मंडळी होती. "अहो सोनाजीराव, हे शोभतं का?"

"शोभत न्हाई पंत. पन मी मला वळखून हाय."

सेवाने आधी त्याच्या पायाला हात लावून नमस्कार केला आणि मग घोट्याला गाठ मारली. लोकांनी हसून घेतलं. हसता हसता मॅच सुरू झाली. सोनाजी खुंट्याभोवती गरागरा फिरत होता, ओरडत होता, अर्धं दावं त्याने पायाभोवती गुंडाळून घेतलं आणि परत उलटा फिरून सोडवलं. पण लाईनीपर्यंत त्याला पोचता येत नव्हतं.

पुन्हा एक-एक. शेवटची मिनिटं. आणि देवाच्या मनात काय आलं कोण जाणे, बॉल पुन्हा तसाच डाव्या लाईनीकडे घरंगळत आला. सेवा सुटला. या खेपेला त्याने उस्तादाच्या पायाकडे पाहिलं नाही.

सोनाजीने पाहिलं फक्त बॉलकडे. त्याला दावं आठवलं नाही, मागचं वर्ष आठवलं नाही, काहीच आठवलं नाही. त्याने झेप घेतली. दावं ताणलं आणि तो सपशेल तोंडावर आपटला. नाकातोंडात धूळ गेली, डोळे मिटले. त्याच्या पुढून वाऱ्यासारखी पावलं गेली. मग सगळी हिंगोली ओरडली.

त्याने डोळे पुसले तेव्हा बॉल जाळीत होता आणि गर्दी मैदानात घुसली होती. सेवाला उचलायला दहा माणसं धावत होती, आणि सेवा त्यांना चुकवून खुंट्याकडे येत होता. तो खाली बसला आणि गाठ सोडू लागला. गाठ पार आवळली होती, घोटा सोलून निघाला होता. सेवाला दातांनी ओढावी लागली. सोनाजी रडत होता, आणि धुळीमुळे कुणाला ते कळलं नाही.

दिवस मावळताना तो लंगडत घरी आला. द्वारकाबाई चुलीपुढे होती. मातीला वर्षाचा धूर बसला होता.

"जितले का?"

"जितलो म्हनतात."

"म्हनतात? तुमी बघितलं न्हाई?"

"न्हाई. पडलो होतो."

तिने त्याच्या तोंडाकडे आणि मग घोट्याकडे पाहिलं. चुलीवरचं ऊन पाणी उतरवलं, हळद घेतली आणि त्याचा पाय मांडीवर ओढून घेतला. पाय स्वस्थ पडून राहिला.

"दावं कुठं हाय? लोकाचं हाय, परत द्यावं लागंल."

"गाडीवानाकडून इकत घेतलं. खुंट्यालाच ठिवलं."

"कशाला?"

सोनाजी चुलीतल्या जाळाकडे बघत म्हणाला, "पुढच्या साली लागंल."

द्वारकाबाईचा हात घोट्यावर थांबला. मग तिने हळद लावायला पुन्हा सुरुवात केली.