आठ चौकटींतली शिक्षा

आमच्या नगरकडे प्रभू येशूची गोष्ट कीर्तनात गाऊन सांगायची रीत. हे शनिवारी बँकेतून आले की चहा घ्यायचे, अंगरखा चढवायचे आणि कीर्तनाला उभे राहायचे. टाळ माझ्याकडे. आख्यानात ‘पापी’ हा शब्द आला की यांचा हात स्वतःच्या छातीवर जायचा, समोरच्यांकडे कधी नाही. कुणाचे डोळे भरले तर तेच कडवं पुन्हा घ्यायचे. कुणी जांभई दिली तर लगेच एखादी गंमत. माणूस बघून गोष्ट पुढे सरकायची.

हे गेले आणि मी मुलाकडे, लखनऊला आले. तीन वर्षं झाली. हर्षवर्धनही बँकेतच आहे, सून ऋता खाजगी कंपनीत. नऊ वाजता घर रिकामं होतं. नात सानिका चित्रकलेच्या कॉलेजात जाते. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. रविवारची उपासनाही हिंदीत. माणसं चांगली आहेत, बाहेर पडताना ‘आंटी जी, ठीक हैं?’ विचारतात, आणि मी ठीक आहे की नाही हे सांगेपर्यंत स्कूटर सुरू होते. दुपारी मी मोबाइलवर कीर्तन लावते आणि धृपद धरते. एकटीने धरलेलं धृपद फार लांब वाटतं हो.

नोव्हेंबरात पास्टरसाहेबांनी सानिकाला काम दिलं. नाताळात गव्हाणीचा देखावा बघायला सगळं शहर चर्चमध्ये येतं, त्यांच्यासाठी टेबलावर ठेवायला एक हस्तपत्रिका हवी होती. पण शब्दांची नको, कार्टूनची, आठ चौकटींची. मला ते काही रुचलं नाही. तारण म्हणजे काय बिस्किटाच्या पुड्यावरचं चित्र आहे? पण पोरीने चार रात्री खपून काढलं आणि मला दाखवायला आणलं, तेव्हा मी चष्मा लावून बसले.

तिने काढलेला पापी माणूस गळ्यात गमछा, दाढीचे खुंट आणि हातात बाटली असा होता. मी विचारलं, हा गरीबच का? सूटबूटवाला पाप करत नाही? तर म्हणाली, “अरे आजी, कार्टून में दिखना चाहिए ना कि पापी कौन है.” इथेच तर घोडं अडतं. कीर्तनात पापी दिसत नाही, म्हणून ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की आपल्याबद्दलच चाललंय. चित्रात तो दिसला की बाकीचे सुटतात. मी एवढं बोलले आणि पोरीचं तोंड उतरलं. मग मीच म्हटलं, बरं, शब्द तरी मी देते.

सहाव्या चौकटीत न्यायालय होतं. गमछावाला गुडघ्यावर, आणि प्रकाशात उभा असलेला एकजण न्यायाधीशाला म्हणतोय की याच्या जागी मला घ्या. त्याखाली मी माझ्या हिंदीत लिहून दिलं, ‘तुम्हारी शिक्षा उसने अपने ऊपर ले ली है.’ सानिकाने सुंदर अक्षरात उतरवलं. पास्टरसाहेबांनी चित्रं बघितली, वा वा म्हणाले आणि छापायला पाठवलं. नाताळात त्या टेबलामागे मलाच बसवलं.

जानेवारीत एका दुपारी बेल वाजली. दारात चाळिशीची बाई, शालीत गुंडाळलेली. नाव रामदुलारी. मागच्या गल्लीत चार घरी पोळ्या करते. नाताळात टेबलामागे बसलेल्या अम्मा याच घरात राहतात हे तिने चौकशी करून शोधलं होतं. शालीतून तिने हस्तपत्रिका काढली. तिला वाचता येत नव्हतं. चित्रांचा अर्थ तिने स्वतःच लावला होता, आणि बरोबर लावला होता, हे मला कबूल करायला हवं. सहाव्या चौकटीखालची ओळ मात्र शेजारणीकडून वाचून घेतली होती. त्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, “तो अम्मा, कब से आएँ?”

मला काहीच समजेना. कशाला यायचं? ती हसली, म्हणाली पढ़ने, आणि पुन्हा ओळ दाखवली. तिची शिक्षा कुणीतरी आपल्यावर घेतली आहे, असं छापलंय. आता तिला चर्चमधलं दुसरं कोण माहीत?

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला मी बसवलं, पाणी दिलं, आणि दुपारी पुन्हा ये, एवढंच बोलू शकले. कुठल्या दुपारी, तेही सांगितलं नाही. बुधवारी येते म्हणून तीच सांगून गेली.

रात्री जेवताना मी हे सांगितलं, तर सानिका घास हातात धरून हसत सुटली. मी म्हटलं, अगं, इथे जन्मलीस, तुला कळलं नाही? तर म्हणे, “मुझे लगा, जीसस टीचर भी तो हैं.” हर्षवर्धन हसला नाही.

“आई, तिला बुधवारी नाही सांग,” तो म्हणाला. “चर्चचा कागद हातात, आणि फुकट शिकवणी. कुणी म्हणालं की आमिष दाखवलं, तर? इथे धर्मांतराविरुद्ध कायदा आहे. माझी नोकरी आहे.”

मी म्हटलं, मी कुठे आमिष दाखवलं, माझी हिंदी चुकली. तो म्हणाला, पोलिसांना व्याकरण सांगशील का? त्याचं बरोबर होतं. तरी बुधवारपर्यंत मला धड झोप लागली नाही. तीन वर्षांत माझ्याकडे कुणी काम घेऊन आलं नव्हतं. आणि आलं ते अशा चुकीवरून, जी चूक म्हणून सांगितली की संपणार.

बुधवारी ती केस विंचरून, नवी वही घेऊन आली. खोटं बोलण्याचा प्रश्नच नव्हता. मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं, की आमच्या भाषेत शिक्षा म्हणजे सज़ा. पढ़ाई नाही. त्या चित्रात प्रभूने माणसाची सज़ा स्वतःवर घेतली आहे. लिहिणारी मीच, आणि चूकही माझीच.

रामदुलारी बराच वेळ गमछावाल्याकडे बघत राहिली. तिचा नवरा असाच होता म्हणाली, हुबेहूब, बाटलीसकट. मग वही मिटली.

“सज़ा तो हम काट चुके, अम्मा,” ती म्हणाली. “बाईस साल. पढ़ाई बाकी है.”

एवढं बोलून उठली. कीर्तनात अशा क्षणी हे काय करायचे ते मला पाठ आहे. मला टाळ थांबवायला सांगायचे, आणि ऐकणाऱ्याचं ऐकायचे. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

हर्षवर्धनशी त्या संध्याकाळी बोलणं झालं. पहिल्यांदाच मी त्याच्यासमोर रडले, आणि पहिल्यांदाच त्याने टीव्ही बंद केला. शेवटी त्याने अट घातली: फक्त अक्षरं. प्रभूचं नाव नाही, गाणं नाही, चर्चचा एकही कागद नाही. मी कबूल झाले. ती हस्तपत्रिका रामदुलारीने माझ्याकडेच दिली. म्हणाली, ती आता माझ्या काय कामाची?

आता ती सोमवारी आणि बुधवारी तीन वाजता येते. एवढ्या वर्षांनी माझ्यासमोर कान देऊन बसलेलं एक माणूस आहे, आणि मी गायचं नाही. क आणि ख काढून दाखवताना ओठांपर्यंत चाल येते, आणि मी ती गिळते. आत ती चालू असते, हे प्रभूला कळत असणारच.

रामदुलारीला मात्र माझ्यावर भरवसा राहिलेला नाही. मी फळ्यावर नवा शब्द लिहिला की ती आधी विचारते, “अम्मा, ये आपके यहाँ वाला है कि हमारे यहाँ वाला?” मी विचार करते. कधी सांगते, तुमच्याकडचा. कधी सांगते, दोघींचा. मगच ती तो वहीत उतरवून घेते.