आवाज बंद करून पाहिलेलं गाणं

साहेब, तुम्ही गाणं पाहिलंत, ऐकलं नाहीत. आवाज बंद करून पाहिलंत. आणि जे ऐकलंच नाही त्याच्यावरून एका माणसाला दोषी ठरवलंत. हा आरोप मी तुमच्या तोंडावर करतो. मला बदलीची भीती नाही आणि बढतीची आशाही नाही. मी तुमच्याच ठाण्यातल्या लोखंडी कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, तोंडाला लाख लावून पडलो आहे. आता याहून जास्त काय कराल माझं?

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुना मोबाईल आहे. माझ्यासारखे म्हातारे मोबाईल तुमच्या घरी कपाटात वायरींच्या गुंत्यात पडलेले असतील. पण माझी गोष्ट त्यांच्यासारखी नाही, म्हणून नीट बसून ऐका.

माझा जन्म एका लांबच्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. पांढरा उजेड होता आणि रबरी हातमोजे घातलेले हात होते, एवढंच. चंद्रपुरात एका कॉलेजच्या पोराने मला घेतलं, वर्षभर मिरवलं आणि काचेला तडा गेल्यावर विकून टाकलं. असा हिंडत हिंडत मी भामरागडच्या बाजारात मुबीनभाईच्या टपरीत आलो. मुबीनभाई मोबाईल दुरुस्त करायचे. त्यांनी मला उघडलं, फुंकर मारली, जुन्या ब्रशने घासलं आणि नवी बॅटरी बसवली. काच मात्र बदलली नाही.

"तडा राहू दे," ते गिऱ्हाइकाला म्हणाले. "तोंडावर डाग असला का नजर नाई लागत."

ते गिऱ्हाईक म्हणजे रंजीता. पर्लकोटा नदी ओलांडून पुढे जंगलात तिचं गाव. ती अंगणवाडीत मदतनीस. घरी तिचा धाकटा भाऊ लच्छू, तो बांबूतोडीला जायचा, आणि दसरू काका, वडिलांचे थोरले भाऊ, गावाचा ढोल तेच वाजवायचे. ही माणसं घरात माडिया बोलत. तुम्हाला कळावं म्हणून मी त्यांचं बोलणं बाजारात जशी मराठी बोलतात तशा मराठीत सांगतो.

गावात नेटवर्क नव्हतं. टॉवर होता, पण तो बगळ्यांच्या कामाचा. नेटवर्क यायचं टेकडीवरच्या एका मोहाच्या झाडाखाली. तेही जमिनीवर नाही, फांदीवर. मग लोक मोबाईल कापडी पिशवीत घालून फांदीला लटकवायचे आणि आपापल्या कामाला निघून जायचे. संध्याकाळी येऊन काढायचे. दिवसभर त्या झाडाला आम्ही मोबाईल फळांसारखे लोंबकळत असू. वारा आला की एकमेकांवर आपटत असू. आणि जगभरची गाणी हळूहळू, थेंबाथेंबाने आमच्या पोटात उतरत.

रंजीता आणि लच्छूला साधी गाणी नको असायची. त्यांना विचित्र गाणी हवी असायची. एकदा पाहिलं की जन्मभर डोक्यातून न जाणारी. बर्फाळ मुलुखातल्या बाया नदीत कमरेइतक्या उतरून पाण्यावर थापा मारत ताल धरतात, असं एक होतं. ते पाहून गावातल्या बाया नाल्यात उतरल्या आणि तसाच ताल काढून मोकळ्या झाल्या. एका म्हाताऱ्याने लाकडं कापायची करवत गुडघ्यात धरून तिच्यावर सारंगीचा गज ओढला, असंही एक होतं. दसरू काकांनी ते पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं.

"करवत रडून राह्यली," शेवटी ते म्हणाले. "झाडं कापली त्याचं रडू येते का काय तिले."

"काका, गाणं हाये ते!"

"मंग? गाण्यात रडू नये असं कोणी सांगतलं?"

गावातून गावात ही गाणी नेटशिवायच जायची. मोबाईलला मोबाईल भिडवायचा आणि द्यायचं. त्याचा एक नियम होता, कुठे लिहिलेला नव्हता पण सगळे पाळायचे: एक द्या, एक घ्या. फुकट कोणी मागायचं नाही. आठवडी बाजारात लोक भाजी घेऊन झाली की गाणी बदलत बसायचे. सिरोंच्याकडचा एक जण तेलुगू नवरदेवाचं गाणं घेऊन आला होता, नवरदेव जेसीबीच्या फावड्यात बसून नाचत होता. राजुऱ्याकडच्या कोणाकडे कोळशाने काळे झालेले लोक डोक्यावरच्या टोप्या ठोकून ताल धरतात असं होतं. गाण्यांची नावं परक्या लिपीत, ती कोणाला वाचता यायची नाहीत, म्हणून प्रत्येक हातात जाताना नावं गळून पडायची. गाणं तेवढं उरायचं. मला वाटायचं, यापेक्षा चांगली गोष्ट जगात नाही.

मग ते हिरवं गाणं आलं.

कुठल्या देशाचं ते मला सांगता येणार नाही. दाट जंगल, अगदी आपल्यासारखं. हिरव्या कपड्यांतले वाजंत्रीवाले, गळ्यात पितळी भोंगे, हातात लाकडी बंदुका. एका पायावर उड्या मारत येतात, बंदुका रोखतात, आणि नळीतून साबणाचे फुगे निघतात. फुगा लागला की माणूस आडवा. भोंगा वाजला की पुन्हा उभा. शेवटी एक म्हातारी येऊन सगळ्यांच्या कानफटात देते आणि सगळे जमिनीवर बसून कलिंगड खातात. लच्छू हे पाहून इतका हसला की मचाणावरून खाली पडला आणि पडल्यावरही हसत राहिला.

"आपण करू हे," तो म्हणाला. "पंडुमले करू."

पंडुम म्हणजे सण. नवे आंबे खाण्याआधी गाव एक पंडुम करतं, त्यात फेर धरून रेला नाचतात. लच्छूने आणि त्याच्या जोडीदारांनी बांबूतोडीवर मिळालेले हिरवे रेनकोट काढले. भर उन्हात रेनकोट! बांबूच्या बंदुका केल्या, तोंडाशी पपईच्या पानाचा दांडा बसवला, रिठ्याचा फेस केला. बाया पोट धरून हसत होत्या. दसरू काका मात्र ढोल मांडीवर घेऊन तसेच बसले.

"लच्छू, हिरवं घालून बंदूक नको धरू."

"काका, बांबू हाये!"

"मले दिसते बांबू हाये. दुसऱ्याले दिसन का? इथी माणसाले दोन्हीकडून पाहतात. अंदरवाले नक्षली झाडाआडून पाहतात, बाहेरवाले पोलीस वरतून. मधात आपण."

"फुगे सोडून राह्यलो काका, गोळ्या नाई."

बाया पुन्हा हसल्या. काकाही शेवटी हसले, आणि त्यांनी ढोलावर थाप मारली. मी रंजीताच्या हातात होतो. सगळं मी टिपलं, फुगेसुद्धा, उन्हात इंद्रधनुष्यासारखे चमकणारे. मागे आंब्याच्या झाडावर कावळा ओरडला तोही माझ्यात आहे.

बाजाराला गेल्यावर रंजीताने ते मुबीनभाईला दिलं. नियमच होता, त्यांनी तिला एक गाणं दिलं होतं. मुबीनभाई टपरीत एकटेच टाळ्या वाजवत बसले.

"अरे वा! हे तर मी स्टेटसले ठेवतो. पाहू दे दुनियाले."

"ठेवा ना भाऊ," रंजीता म्हणाली.

दुनियेने पाहिलं. मित्रांनो, आम्हा मोबाईलांना एक गोष्ट माहीत असते, जी तुम्हाला माहीत नसते. व्हिडिओ हातोहात जाताना झिजतो. जुन्या साडीचे काठ जसे आधी जातात, तसं त्याचं बारीकसारीक आधी जातं. पहिल्यांदा फुगे गेले. मग कोणीतरी पुढचं कापलं, मागचं कापलं. हसणाऱ्या बाया गेल्या, काका गेले, ढोल गेला. उरलं काय? जंगल, हिरवे कपडे, रोखलेल्या बंदुका आणि लच्छूचं तोंड.

टेकडीवर फांदीला लोंबकळत असताना एके दिवशी तोच तुकडा माझ्या पोटात परत येऊन पडला. रंजीताने पिशवीतून मला काढलं आणि पाहिलं. वर कोणीतरी लिहिलं होतं: जंगलात खुलेआम प्रशिक्षण. झोपलेल्यांना जागं करा. पुढे पाठवा.

फुगे शोधत तिने ते परत लावलं. आजूबाजूला झाडं तीच होती, वारा तोच होता, पण फांदीवरचे बाकीचे मोबाईल एकामागून एक टुणटुणायला लागले. सगळ्यांकडे तेच आलं होतं.

गावात बातमी तिच्या आधी पोचली. आणि मग गावाने जे केलं ते याच मुलुखातली माणसं करतील. इथे जवळ काय सापडलं त्यावरून माणूस कोण ते ठरतं. जास्तीचा तांदूळ सापडला तर कोणासाठी? औषधाची पट्टी सापडली तर कोणासाठी? म्हणून भीती आली की हे लोक घर रिकामं करतात. तसे त्यांनी मोबाईल रिकामे केले. पंडुमचं गाणं पुसलं. फुगेवाल्या वाजंत्र्यांचं पुसलं. मग घाईघाईत सगळंच पुसलं, नदीतल्या बाया, रडणारी करवत, जेसीबीतला नवरदेव. रेनकोट चुलीत गेले, त्यांचा घाण काळा धूर गावावर बसला. मुबीनभाईंनीही तिकडे टपरीत स्वतःचं सगळं पुसलं, नंतर रंजीताला म्हणाले, "बहीण, माफ कर. लेकरं हायेत घरात."

आपण निर्दोष आहोत याचा पुरावा त्यांनी स्वतःच्या हाताने पुसला. त्यांना कोण दोष देणार? मी तरी देणार नाही.

फक्त रंजीताने मला पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोलिसांची गाडी आली. लच्छू भाकर अर्धी टाकून उठला.

"मी सांगून येतो त्याहिले," तो म्हणाला. "पाहतीन तं तेही हसतीन."

"चप्पल घाल," रंजीता म्हणाली.

तो गेला. संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग रंजीता मला घेऊन तुमच्या दारात आली, साहेब. आठवतं का? दसरू काका सोबत होते. त्यांनी डोक्यावरचं फडकं काढून हातात धरलं होतं.

"साहेब, हे पाहा," ती म्हणाली. "हे पहिलं गाणं, बाहेरच्या देशातलं. आणि हे आमचं पूर्ण. यात फुगे दिसतात. नक्कल हाये ती."

तुम्ही मला हातात घेतलंत. भोंगे वाजले तशी तुमच्या कपाळावर आठी आली.

"डोकं उठतं. आवाज बंद कर त्याचा."

"साहेब, आवाज तर ऐका. गाणं हाये ते!"

"बाई, मला दिसतंय ना सगळं. हे कोण? हा तुझा भाऊ. हातात काय आहे?"

"बांबू."

"आणि या दुसऱ्या व्हिडिओतले? हे कोणत्या नक्षली दलमचे?"

"ते वाजंत्रीवाले हायेत जी! पुढं पाहा ना, कलिंगड खातात ते!"

"म्हणजे बाहेरच्या लोकांचे प्रशिक्षणाचे व्हिडिओ तुझ्याकडे आहेत. ते तू गावोगाव वाटतेस."

आता काका पुढे झाले. त्यांना मराठी तोडकीमोडकीच येते.

"साहेब, पोरगा नाचला. नाचला फक्त."

तुम्ही पुढे पाहिलंच नाहीत. म्हातारी यायच्या आधीच मला पालथं घातलंत आणि शिपायाला पिशवी आणायला सांगितलीत. रंजीताने विश्वासाने मला तुमच्या टेबलावर ठेवलं होतं. मी तिच्या भावाचा साक्षीदार म्हणून आलो होतो. तुम्ही मला त्याच्याविरुद्धचा मुद्देमाल करून टाकलंत.

मित्रांनो, तेव्हापासून मी इथे आहे. माझी बॅटरी संपली आणि आता ती फुगायला लागली आहे. ती फुटली तर माझ्या पोटातलं जळेल. आणि ते गाणं आता दुसऱ्या कोणाकडेही नाही. शोधायचं म्हटलं तर त्याचं नाव कोणाला माहीत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. कोणी काही पाठवलं तर पुढे ढकलायच्या आधी विचारा, याचं पुढचं कुठे आहे, मागचं कुठे आहे, हे कोणी कापलं? गाणी वाटा, खूप वाटा, पण अर्धी वाटू नका. अर्ध्या गाण्याने अख्खा माणूस जातो.

कपाटातून मला दिसत नाही, पण ऐकू येतं. दर बाजाराच्या दिवशी रंजीता येते. तिला सांगतात, तो इथे नाही, त्याला जिल्ह्याला पाठवलं. ती एसटीने गडचिरोलीला जाऊन आली. तिथे म्हणाले, आमच्याकडे असा कोणी आलाच नाही. ती परत आली, तर इथला शिपाई म्हणाला, आम्ही तर त्याला त्याच दिवशी सोडला, तुमच्याच जंगलात गेला असेल. तीन तोंडं, तीन गोष्टी. शिपाई हे सांगताना हळू बोलत होता. त्याचा आवाज मला बरा वाटला नाही.

काल दसरू काका एकटे आले होते. रंजीता तापाने घरी पडली आहे. ते बराच वेळ पायरीवर बसून होते. शिपायाने विचारलं, "बाबा, आता काय पाहिजे?"

काका म्हणाले, "आमच्यात माणूस मेला का ढोल वाजवतो. दुरून ऐकून सोयरे येतात. तो ढोल मीच वाजवतो. माणूस जिता असन तं तो ढोल वाजवाचा नाई, पाप हाये. गाव मले रोज विचारून राह्यलं. मी रोज ढोल काढतो, रोज परत ठेवतो."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, म्हणजे तुम्ही आत होतात, साहेब. तुम्हीही ऐकलंत. मग दार लोटून घेतलंत.

लोटलेल्या दाराआडून का होईना, बोला. काकांनी तो ढोल वाजवायचा, की नाही?