बुरुलएजेंचा पडदा

बिश्केकच्या त्या वाद्यवृंदात निवडीच्या वेळी पडदा लावायचा हट्ट ज्येष्ठ परीक्षक बुरुलएजेंचाच; एजे म्हणजे तिकडची ताई. पूर्वी कोणी कोमूझ, म्हणजे तिकडचं तीन तारांचं वाद्य, घेऊन आत आलं की परीक्षक आधी विचारायचे, "कोणाची गं तू? गाव कुठलं?" निम्मा निकाल तिथेच लागायचा. एजेंनी भांडभांडून पडदा आणला, पावलांच्या आवाजावरूनही कोणी ओळखू नये म्हणून दारापासून खुर्चीपर्यंत जाड नमदा अंथरला, आणि वर नियम केला: पलीकडे आपला शिष्य आहे असं कळलं, तर परीक्षकाने हात वर करून मतदानातून बाहेर पडायचं. हा नियम धरून आतलं काहीच बाहेर बोलायचं नाही.

"एजे, आपल्याकडे कोण कोणाला ओळखत नाही?" सोबतचा परीक्षक एसेनबाय तेव्हा म्हणाला होता. "परीक्षक काय चंद्रावरून आणायचे?"

सगळे हसले, एजेही हसल्या. नियम मात्र राहिला.

यंदा जागा एकच होती आणि जिबेक येणार हे एजेंना ठाऊक होतं. सात वर्षांची असल्यापासून त्यांच्याकडे शिकलेली पोर. नवऱ्याने मॉस्कोची तिकिटं काढून ठेवलेली. जागा मिळाली तर जिबेक लेकीला घेऊन इथेच राहणार. नाहीतर लेक सासूच्या पदरात टाकून तिकडे गोदामात खोकी बांधणार. तिचं वाजवणं आपल्याला ओळखूच येऊ नये, एवढंच एजे मनात घोकत होत्या. ओळखलं नाही तर मत देता येणार होतं.

चौथ्या उमेदवाराने सुरू करण्याआधी कोमूझच्या लाकडावर नखाने दोनदा टकटक केली. ही एसेनबायच्या वर्गाची खोड अर्ध्या शहराला माहीत. एजेंनी त्याच्याकडे पाहिलं. तो चहात मुरंबा ढवळत होता.

"एसेनबाय?"

"काय एजे? तळलेले बोरसोक देऊ? गरम आहेत अजून."

हात काही वर गेला नाही. दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय नियमात नव्हती. आकसापोटी कोणीही कोणाचं नाव घेईल म्हणून ते कलम एजेंनीच खोडलं होतं. एवढा शहाणपणा नडला.

सातवी उमेदवार आली. कोमूझच्या तारा तशा दोन झटक्यांत लावता येतात. पण पलीकडून अंगाईचा एक छोटा तुकडा वाजला; एजेंची आई गुणगुणायची तो. तार लावताना हाच वाजवायचा, असं एजे फक्त आपल्या पोरींना शिकवत. आणि हा तर सावकाश, ठासून, दोनदा वाजवला होता. अगं गप्प बस, एजे मनात ओरडल्या.

हात मांडीवरच ठेवता आला असता. शेजारच्याने ठेवलाच होता ना? एजेंना स्वतःची चीड आली, एसेनबायची आली, त्या पडद्याची तर सगळ्यात जास्त आली. तरी हात वर गेला.

मग जिबेक वाजवायला लागली आणि तिसरे परीक्षक, संचालक तोक्तोसून, हातातला चहा प्यायचा विसरले. इतकं चांगलं तिने कधीच वाजवलं नव्हतं.

"माझं मत चौथ्याला," एसेनबाय म्हणाला.

"सातवी बरी होती रे," तोक्तोसून म्हणाले. "पण आता दोघंच उरलो. एक तुझं, एक माझं करून संध्याकाळपर्यंत भांडायचं का? होऊ दे चौथा."

एजे तोंड उघडणार, तेवढ्यात ते म्हणाले, "तुम्ही तर बाहेर आहात एजे. नियम तुमचाच."

जिन्याखाली जिबेक थांबली होती. डोळे सुजलेले, तरी हसून तिने एजेंचे दोन्ही हात धरले.

"ओळखलंत ना? म्हटलं चुकून दुसऱ्या कोणाला मत द्याल, म्हणून मुद्दाम आपली अंगाई वाजवली. दोनदा!"

"ओळखलं, बाळा."

"मला वाटलंच. ते दोघं विरोधात गेले असणार, तुम्ही एकट्या काय करणार? पण तुम्ही तरी माझ्या बाजूने होतात. तिकडे थंडीत खोकी बांधताना एवढं आठवलं तरी पुरे मला. दिलंत ना मत?"

खरं सांगावं तर पोरीच्या हाती तेवढंही उरणार नव्हतं. पडद्यापुढे जराही खोटेपणा न केलेल्या बुरुलएजेंनी मान हलवली. हो.

जिबेकने त्यांना घट्ट मिठी मारली आणि तिकीट बदलता येतं का बघते म्हणाली. लेकीचा वाढदिवस करून जाणार होती.