दुखण्याची गोळी

ग्लेनिस आणि मी बावीस वर्षं लोकर कातरणीच्या एकाच शेडमध्ये काम केलं. हॅमिल्टनच्या आसपासच्या मेंढ्यांची लोकर तिच्या टेबलावर येई आणि ती बोटांनी चाचपून प्रत सांगे. त्रेपन्नाव्या वर्षी तिचं अंग दुखू लागलं. आधी खांदे, मग पाठ, मग सगळंच. रक्त तपासलं, एक्स-रे काढले. कशातच काही नाही. तीन वर्षं तिने असंच रेटलं. शेडमध्ये कोणी म्हणे वय झालं, कोणी म्हणे कामचुकार आहे.

शेवटी नव्या डॉक्टरीणबाईंनी दुखण्याला नाव दिलं, फायब्रोमायल्जिया, आणि गोळी लिहून दिली.

"ही नैराश्याची गोळी ना?" ग्लेनिसने विचारलं. "मी उदास नाहीये. मला दुखतंय."

"माहीत आहे मला," डॉक्टर म्हणाल्या. "ही दुखण्यावरही काम करते, म्हणून देतेय. सगळ्यांना लागू पडत नाही. दोन महिने बघू. फक्त आपल्या मनाने एकदम बंद करू नका."

पहिला पंधरवडा तोंडाला कोरड आणि पोटात मळमळ. दुखणं होतं तिथेच. त्यात तिच्या नवऱ्याने, क्लाइव्हने, पबमध्ये गोळीचं नाव सांगून टाकलं. भला माणूस, त्याला वाटलं, लोक सांभाळून घेतील.

घेतलं की! आठवडाभरात तिच्या घरी चौघींनी जेवण पोचवलं. त्यात एक मीही. ठेकेदार ड्युगल तर तान्ह्या मुलाशी बोलावं तसं बोलू लागला. एकदा चहाच्या सुट्टीत म्हणाला, "ग्लेनिस, महिनाभर आराम कर गं. टेबल दुसरी कोणी बघेल. मन जरा ताळ्यावर येऊ दे."

ग्लेनिसने कप आदळला.

"तीन वर्षं दुखतंय, दुखतंय म्हणून घसा कोरडा केला, तेव्हा एकाला खरं वाटलं नाही. आता दुःखी आहे म्हटल्यावर लगेच पटलं? आणि असते दुःखी, तर माझं टेबल काढून घेऊन बरी होणार होते?"

"मग गोळी कसली?" ड्युगल गोंधळला.

"दुखण्याची! किती वेळा सांगू?"

मी मान वर केली नाही. 'कामचुकार' हा शब्द शेडमध्ये पहिल्यांदा मीच काढला होता. ते मी तिला त्या संध्याकाळी सांगितलं. "ठाऊक आहे," ती म्हणाली आणि आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

टेबल तिने सोडलं नाही. अर्ध्या दिवसावर मात्र आली. दोन महिन्यांनी मी विचारलं, "पडला का फरक?"

"दहापैकी आठ दुखायचं, आता सहा. झोप जरा लागते. एवढ्यासाठी एवढा तमाशा!"

"सहा म्हणजे बरंच की."

"एक दिवस तू घेऊन बघ सहा."

गोळी चालूच आहे. आता डॉक्टरांनी कोमट पाण्यात व्यायामही सांगितलाय. दर मंगळवारी गाडी मी चालवते. जाताना आणि येताना ती चिडलेलीच असते.