चोळीचे दहा रुपये

मल्लप्पा शेटचा दिवाणजी नागप्पा चाळीच्या लिंबाखाली रोज खुर्ची टाकून बसायला लागला, तेव्हाच बसम्मानं ओळखायला हवं होतं. पण माणूस असा गोड की काय सांगायचं! पोरांना गोळ्या वाटायचा, बायांची आलेली पत्रं वाचून दाखवायचा, कुणाचं दुखलंखुपलं तर आधी हा विचारायचा. मांडीवर एक वही असायची आणि तिच्यात तो मधूनच काही टिपायचा. सगळ्यांना वाटायचं, भाड्याचं असेल. अहो, भाडं महिन्यातून एकदा! हा मेला रोज काय लिहितो, हे विचारायला एकाचीही जीभ उचलली नाही.

साल बहात्तर. दोन-तीन वर्षं लागून राहिलेल्या दुष्काळानं खेडी रिकामी केली आणि जो तो सोलापुरात घुसला. खोलीचा भाव असा चढला की ऐकून छाती दडपावी. बसम्माच्या खोलीचं भाडं नऊ रुपये, नवरा होता तेव्हापासूनचं. शेजारच्या गल्लीतल्या तसल्याच खोलीला चाळीस रुपये पडत होते, शिवाय पागडी दीड हजार. पण कायदा असा की जुन्या भाडेकरूचं भाडं वाढवायचं नाही आणि त्याला काढायचंही नाही. काढायचं तर त्याचीच काही चूक दाखवावी लागे. मल्लप्पा शेट वीस खोल्यांचा मालक, आणि वीसच्या वीस खोल्या नऊ-दहा रुपयांच्या. त्याच्या पोटात काय होत असेल, ते त्यालाच ठाऊक.

पहिली गेली शमशाद. बाप आजारी म्हणून नवऱ्या-पोरांसकट गुलबर्ग्याला गेली, ती सात महिन्यांनी परतली. एवढे महिने खोलीला कुलूप होतं, म्हणजे गरज नाही, असं कोर्टात ठरलं. मग केराबाई. ती दारात बसून पोरांना भजी विकायची. राहायच्या जागेत दुकान घातलं म्हणून तिचंही चंबूगबाळं बाहेर. दोघींच्या खटल्यात नागप्पा साक्षीला उभा राहिला आणि त्यानं तारखेवार सगळं सांगितलं. खोट्याचा एक शब्द नाही, बरं का! त्याच खोल्यांत महिन्याभरात नवी बिऱ्हाडं आली आणि चाळीस रुपये मोजू लागली.

"आपण असलं काय करत न्हाय," बसम्मा नळावर म्हणायची. "सकाळी कारखान्यात मागाच्या सुताच्या कांड्या भरायच्या, सांजचं घरी यायचं. आपल्याला कोण काय करतंय?"

त्याच दसऱ्याला वळसंगहून तिचा धाकटा भाऊ संगप्पा आला. बैल विकले होते, विहिरीत खडखडाट. बरोबर बायको आणि दोन पोरी. दारातच उभा राहिला, आत पाऊल टाकेना.

"अक्का, पाऊस पडला की जातो बग."

"आत ये की गाढवा! बहिणीच्या दारात कसली लाज?"

संगप्पाला हमाली मिळाली. पण खोलीत सहा माणसं झाली यापेक्षा त्याला दुसरीच गोष्ट खात होती. भावानं बहिणीला द्यायचं असतं, तिच्या घरचं खायचं नसतं. त्यात बहीण विधवा, एकट्या पोराला वाढवणारी. गावाकडं कुणी म्हटलं असतं, संगप्पा बहिणीच्या जिवावर पोसतोय, तर त्यानं तोंड दाखवलं नसतं. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला तो अंगणात यायचा आणि चारचौघांदेखत बसम्माच्या हातावर पाच रुपये ठेवायचा.

"अक्का, तुला चोळीला."

बसम्माला आधी हसू यायचं. पण त्याचा चेहरा बघून ती नोट कपाळाला लावायची आणि कनवटीला खोचायची. त्या नोटेत त्याचा मान होता, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

लिंबाखालून नागप्पा विचारायचा, "किती रं दिलंस, संगप्पा?"

"पाच!" हा छाती काढून सांगायचा.

"आं? बहिणीला पाच? हमालीचे पैसे मिळतात की लेका! दहा तरी दे."

संगप्पाला ते झोंबलं. पुढच्या महिन्यापासून दहाची नोट आली. नागप्पानं वाहवा केली आणि वही उघडली. बसम्मानं तेव्हा पहिल्यांदा त्या वहीकडं नीट पाहिलं. ती नुसती म्हणाली, "संगा, आत देत जा की रं." तर तो म्हणाला, "आत दिलं तर कोण बगणार?"

त्र्याहत्तरचा पाऊस बरा झाला, पण बैलांशिवाय शेत कसं करायचं? संगप्पा राहिला. आता मल्लप्पा शेट स्वतः चाळीत येऊन त्याची चौकशी करू लागला. एकदा तर त्यानं स्वतःच्या खर्चानं बसम्माच्या खोलीला चुना लावून दिला! पंधरा वर्षांत ज्यानं एक कौल बदललं नव्हतं, त्यानं. मजूर भिंत रंगवत होते आणि नागप्पा आत उभा राहून कुणाची वळकटी कुठल्या कोपऱ्यात आहे, ते बघत होता.

संक्रांतीनंतर नोटीस आली. बसम्मानं पोटभाडेकरू ठेवला. स्वतः नऊ रुपये भरते आणि त्याच्याकडून दहा घेते.

"अवो, तो माझा भाऊ हाय!" ती वकिलाकडं जाऊन ओरडलीच.

वकील भला माणूस होता. त्यानं कपाळ चोळलं. "भाऊ असो नाहीतर बाप असो, बाई. पैसे दिले का, एवढंच विचारतील. नागप्पाकडं सोळा तारखा लिहिलेल्या आहेत. भावानं सांगितलं की मी काही दिलं नाही, फुकट राहिलो, तर चाळीतलं कुणी शेटच्या बाजूनं बोलणार नाही आणि नागप्पाच्या एकट्याच्या शब्दाला कोण विचारतो? नाहीतर खोली गेलीच म्हणून समजा."

खोली गेली तर जायचं कुठं? चाळीस रुपये आणि दीड हजाराची पागडी, कांड्या भरणाऱ्या बाईनं कुठल्या झाडाचे तोडून आणायचे? बसम्मानं भावाला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. त्यानं मान खाली घातली.

"फुकट खाल्लं म्हणू?"

"एकदाच म्हण. माझ्यासाठी."

"म्हणतो, अक्का."

तारखेला कोर्टात वळसंगची चार माणसं आलेली. कुणी बोलावली, कोण जाणे. नागप्पाच्याच बाकावर बसली होती. संगप्पानं त्यांना पाहिलं आणि त्याचा रंग उडाला. तरी पिंजऱ्यात उभा राहून तो ठरल्याप्रमाणं म्हणाला, "मी कायबी दिलं न्हाय."

शेटचा वकील हसत उठला. "वा! म्हणजे बायको, दोन पोरी घेऊन दीड वर्ष विधवा बहिणीचं फुकट खाल्लंस?"

संगप्पाची नजर पुन्हा त्या बाकाकडं गेली.

"धडधाकट हमाल माणूस! ती कांड्या भरायची आणि तू गिळायचास? चोळीचा खणसुद्धा नाही घेतलास बहिणीला? अरे, भाऊ म्हणवतोस कसा?"

बाकावरून कुणीतरी खुदकन हसलं. बसम्माला दिसलं, भावाच्या मानेच्या शिरा तटतटल्या. नको रे संगा, नको, असं ती मनात ओरडत होती.

"दिले की!" तो गरजला. "सिद्धरामाची आण हाय! दर महिन्याला दिले, धा-धा रुपये! एकबी महिना चुकवला न्हाय! इचारा त्या नागप्पाला!"

नागप्पाला कुणी काही विचारलं नाही. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि बसम्माकडं पाहिलं. "बाई, तुमचा साक्षीदार आधी एक बोलला, आता दुसरं. यातलं खरं काय?"

तिचा वकील तिच्याकडं डोळे रोखून नकाराची मान हलवत होता. भाऊ रागाच्या भरात बोलला, एवढं म्हणायचं होतं. संगप्पा पिंजऱ्याचा कठडा धरून उभा होता, तोंड एवढंसं करून. आपण काय केलं, ते त्याला आता उमगलं होतं. वळसंगची माणसं पुढं वाकून ऐकत होती. तिनं नाही म्हटलं असतं, तर संध्याकाळच्या आत वळसंगच्या पारावर संगप्पा खोटी आण घेणारा आणि बहिणीचं फुकट खाणारा ठरला असता, जन्मभरासाठी.

"दिले साहेब," बसम्मा म्हणाली. "माझ्या भावानं मला दर महिन्याला दिले."

दोन महिन्यांत खोली सोडायचा हुकूम झाला. संगप्पा रस्त्यानं रडत होता आणि ती त्याला, "गप रं, लोक बगतात," म्हणत चालली होती. तिला स्वतःला रडूसुद्धा येत नव्हतं.

चाळीत आले तर तिच्या दाराशी मोहोळकडचं एक तरणं जोडपं उभं. नागप्पा त्यांच्या आधी पोचला होता. बाई खिडकीतून आत डोकावून चूल कुठं, मोरी कुठं, बघत होती. बसम्माला पाहून ती जरा ओशाळली, पण तिला विचारायचं होतंच.

"दिवाणजी, माजे दोन भाऊ हायत. कामाला म्हणून हितं आले तर चार-सा महिने राहतील. शेट रागावणार न्हाईत न्हवं?"

"छे हो!" नागप्पा म्हणाला आणि त्यानं खुर्ची लिंबाच्या सावलीत सरकवली. "भावांना कोण नको म्हणतंय? खुशाल बोलवा. मी असतोच की हितं."

बसम्मा त्या बाईकडं बघत राहिली. तोंड उघडलं, पण संगप्पा शेजारीच उभा होता. तिनं कुलूप काढलं आणि ती भावाला घेऊन आत गेली.